विमानाचं अंतर-वेळ सांगणारं ॲप, आठ महिने वापरून (साताऱ्यातून)

लेक सप्टेंबरात लंडनला शिकायला गेली तेव्हापासून हे ॲप फोनवर आहे. दोन शहरांची नावं टाकायची, अंतर आणि उडण्याचा वेळ येतो, बास. मुंबई ते लंडन ७२०० किलोमीटर आणि ९ तास दाखवलं, तिकिटावर मात्र पावणेदहा होते, आणि मी तिकीट नीट न बघता ॲपवरच विसंबलो. ९ तास झाले, पोरीचा फोन लागेना, हिने देवापुढे दिवा लावलेला, तो पाऊण तास अजून अंगावर येतो.

नंतर ॲपमधली माहिती शांतपणे वाचली. ते ताशी साधारण ८५० किलोमीटर वेग धरतं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतं, वारा धरतच नाही. खरं तर वर दहा-अकरा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात तर जास्तच, म्हणजे लंडनला जाताना तो तोंडावर आणि येताना पाठीवर. जानेवारीत ती सुट्टीला आली तेव्हा पावणेनऊ तासांतच मुंबईत टेकली, आम्ही अजून खोपोलीच्या अलीकडे.

अंतर मात्र चोख आहे. पुतण्याच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघितला, सगळ्यात जवळची वाट इराण, काळा समुद्र करत युक्रेनवरून जाते, सपाट नकाशावर ती वाकडी दिसते एवढंच. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद, आणि एप्रिल २०२५ पासून आपल्या कंपन्यांना पाकिस्तानवरूनही जाता येत नाही, त्यामुळे विमान वळसा घेतं आणि ॲपला तो वळसा माहीतच नसतो. इथं एक ओळ सूचना टाकायला पाहिजे होती राव, घरी बसलेल्या आई-बापाचा जीव टांगणीला लागतो.

घड्याळाचं काम मला सगळ्यात आवडलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ तासभर मागं घेतात, साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो. ॲपने आपोआप बदललं, मी मात्र भिंतीवरच्या कागदावर साडेचारच धरून बसलो होतो आणि पोरीला पहाटे उठवलं.

साताऱ्यावरून जाणाऱ्यांनी एवढं धरा: मुंबई विमानतळ २५० किलोमीटर, गाडीने साडेपाच तास, खंबाटकीत किंवा पुण्याबाहेर अडकलात तर सात, वर तीन तास आधी पोचायचं. ॲपचे ९ तास म्हणजे साताऱ्यातल्या पोवई नाक्यापासून तिच्या खोलीपर्यंत वीस होतात. अंतरासाठी पाच तारे, वेळेसाठी तीन.

जूनमध्ये ती परत येतेय. या वेळी तिकिटावरची उतरायची वेळ आणि गाडीवाल्याने सांगितलेली निघायची वेळ, दोन्ही फ्रीजवर चिकटवल्यात, कंदी पेढ्यांची ऑर्डरही त्याच कागदावर.