जुन्या व्ही-८ गाडीसाठी ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिक: ७००आर४, २००-४आर, ४एल६०ई की ४एल८०ई?

जुन्या अमेरिकन गाडीत दुसरं इंजिन बसवायचं ठरलं की मागोमाग गिअरबॉक्सचा विषय निघतोच. मूळचा टर्बो ३५० किंवा टर्बो ४०० (जनरल मोटर्सचे जुने ऑटोमॅटिक; टर्बो फक्त नावात, टर्बोचार्जरशी संबंध नाही) तीन गिअरचा, टॉप गिअर सरळ १:१. शहरात त्याची काही तक्रार नाही, पण हायवेवर इंजिन सतत ओरडत राहतं. चौथा गिअर, म्हणजे इंजिन सावकाश फिरवणारा ओव्हरड्राइव्ह, हवा यावर दुमत नसतं. शीर्षकातले चारही पर्याय जनरल मोटर्सचेच. वाद होतो तो कोणता घ्यायचा यावर, आणि तो बहुधा ‘सगळ्यात दणकट कोणता’ यावरच अडतो. माझ्या मते दणकटपणाचा नंबर तिसरा. आधी मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो) बघा, मग गाडीत कार्ब्युरेटर आहे की इंजेक्शन ते बघा. या दोन उत्तरांत अर्धी यादी गळून पडते.

टायरचा व्यास ६६ सेंटीमीटर आणि ॲक्सल ३.७३ असेल, तर ताशी १०० किलोमीटरला १:१ गिअरमध्ये इंजिन सुमारे ३००० आरपीएमवर फिरतं. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह लागला की ते २१०० वर येतं. हे झकास. पण ॲक्सल २.७३ असेल तर मुळात २२०० आरपीएमच असतात, आणि ओव्हरड्राइव्हमध्ये ते १५५० च्याही खाली जातात. जरा तिखट कॅम (वरच्या आरपीएमवर जोर देण्यासाठीचा कॅमशाफ्ट) घातलेलं इंजिन तिथे धडधडायला लागतं. किंचित चढ आला की गिअर खाली, चढ संपला की परत वर, असा खेळ चालू होतो. अशा ॲक्सलवर ओव्हरड्राइव्हसाठी पैसे घालायची घाई करू नका.

| गिअरबॉक्स | पहिला | दुसरा | तिसरा | चौथा | नियंत्रण |
|---|---|---|---|---|---|
| ७००आर४ | ३.०६ | १.६३ | १.०० | ०.७० | टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल |
| २००-४आर | २.७४ | १.५७ | १.०० | ०.६७ | टीव्ही केबल |
| ४एल६०ई | ३.०६ | १.६३ | १.०० | ०.७० | कॉम्प्युटर |
| ४एल८०ई | २.४८ | १.४८ | १.०० | ०.७५ | कॉम्प्युटर |
| फोर्ड एओडी | २.४० | १.४७ | १.०० | ०.६७ | टीव्ही लिंकेज |

७००आर४ आला १९८२ मध्ये, आणि सगळ्यात सहज सापडतो तो हाच. त्याची खरी ताकद पहिल्या गिअरमध्ये आहे. गुणाकार करून बघा: ३.०८ च्या ॲक्सलवर हा जेवढा जोर देतो, तेवढाच जोर टर्बो ३५० ला द्यायला ३.७३ चा ॲक्सल लागतो. म्हणजे ॲक्सल मवाळ ठेवूनही सिग्नलवरून गाडी झटक्यात निघते. उलट आधीच ३.७३ असेल तर पहिला गिअर लागला न लागला तोच संपतो. शिवाय पहिल्या-दुसऱ्यात दरी मोठी: ५००० आरपीएमवर गिअर बदलला तर इंजिन २६६० च्या आसपास येऊन पडतं. रोजच्या गाडीत ते जाणवत नाही. वरच्या आरपीएमवरच जोर देणाऱ्या इंजिनाला मात्र ते नडतं. घ्यायचाच तर १९८७ नंतरचा बघा. सुरुवातीच्या मॉडेलांचा इनपुट शाफ्ट २७ स्प्लाइनचा (स्प्लाइन म्हणजे शाफ्टवरचे दाते) आणि नाजूक होता, पुढे तो ३० स्प्लाइनचा झाला.

२००-४आर कडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. त्याची लांबी टर्बो ३५० च्या छोट्या टेलवाल्या मॉडेलइतकीच, पावणेअठ्ठावीस इंचांच्या आसपास, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टला बहुधा हात लावावा लागत नाही. फक्त क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारा आडवा बार) मागे सरकतो. ७००आर४ सुमारे तीन इंच जास्त लांब, म्हणजे शाफ्ट कापणं आणि बॅलन्स करणं आलंच. बहुतेक २००-४आर च्या केसवर शेव्हरोलेटचे आणि ब्युइक-ओल्ड्समोबिल-पॉन्टिॲकचे असे दोन्ही बोल्ट पॅटर्न असतात, म्हणून पॉन्टिॲकचं इंजिन असेल तर ॲडॉप्टरची कटकट वाचते. गिअरमधलं अंतरही जास्त समजूतदार. मात्र भंगारातल्या साध्या सेडानमधून काढलेला जसाच्या तसा बसवून जोरदार इंजिनामागे टिकेल असं समजू नका. ब्युइक ग्रँड नॅशनलच्या टर्बो इंजिनामागे हाच गिअरबॉक्स होता, पण तो सुधारलेला.

आता या दोघांची दुखती नस. टीव्ही केबलला बरेच जण किकडाउनची (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर लावणारी) केबल समजतात. ती थ्रॉटल किती उघडला आहे हे गिअरबॉक्सला कळवते आणि त्यावर आतलं ऑइल प्रेशर ठरतं. केबल ढिली राहिली की प्रेशर कमी, क्लच घसरतात, आणि ७००आर४ मध्ये तिसऱ्या-चौथ्याचा क्लच पॅक काही किलोमीटरमध्येच जळू शकतो. ॲडजस्ट करायला इंजिन बंद ठेवा, ॲडजस्टरचं बटण दाबून स्लायडर पूर्ण मागे ढकला, बटण सोडा, मग कार्ब्युरेटरचा थ्रॉटल पूर्ण उघडा. कटकट आवाज करत स्लायडर आपली जागा स्वतःच धरतो. पण कार्ब्युरेटरच्या लीव्हरवर केबल चुकीच्या अंतरावर अडकवली असेल तर हा सगळा उद्योग फुकट. आपल्या कार्ब्युरेटरसाठी बनवलेला ब्रॅकेटच घ्या आणि पहिल्या फेरीआधी प्रेशर गेज लावून बघा. केबल न जोडता ‘जरा कोपऱ्यापर्यंत’ गाडी नेणं हा सगळ्यात महाग कोपरा ठरतो.

इंजेक्शनवाल्या एलएस इंजिनासाठी (जनरल मोटर्सचं नंतरच्या पिढीचं व्ही-८) हा ताप नको. १९९३ पासूनचा ४एल६०ई म्हणजे ७००आर४ चाच इलेक्ट्रॉनिक अवतार. इंजिनाबरोबर कॉम्प्युटर आणि वायरिंग मिळत असेल तर दुसरा विचारच करू नका. शिफ्ट कधी व्हावं हे लॅपटॉपवर ठरवता येतं. कार्ब्युरेटरवर बसवायचा तर वेगळा कंट्रोलर आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर लागतो, म्हणजे केबलची कटकट वाचवायला वायरिंगची ओढवून घ्यायची.

४एल८०ई टर्बो ४०० च्या घराण्यातला. दणकट खराच, पण वजन ४एल६०ई पेक्षा सुमारे चाळीस किलो जास्त आणि अंगानंही जाड. जुन्या गाडीचा टनेल (गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा फुगवटा) ठोकून किंवा कापून मोठा करावा लागणार हे गृहीत धरा. साध्या ३०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला तो उगाच ओझं आहे. टर्बोचार्जर, सुपरचार्जर किंवा बिग ब्लॉक (मोठ्या आकाराचं व्ही-८) असेल तर मात्र ७००आर४ मजबूत करण्यात पैसे ओतत बसण्यापेक्षा सरळ हाच घ्या.

फोर्डवाल्यांसाठी थोडक्यात: कार्ब्युरेटर असेल तर एओडी. त्यात चौथ्या गिअरमध्ये दुसऱ्या, बारीक इनपुट शाफ्टवरून जोर थेट जातो, त्यामुळे लॉकअपची (टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑइलवर चालणारा दुवा, घसरू नये म्हणून जखडण्याची) वायरिंगच नाही. पण जोरदार इंजिनापुढे तोच बारीक शाफ्ट कच्चा दुवा. कंट्रोलरची तयारी असेल तर २.८४ च्या पहिल्या गिअरचा ४आर७०डब्ल्यू केव्हाही सरस.

माझं मत विचाराल तर कार्ब्युरेटरवालं सौम्य इंजिन आणि ३.४ च्या पुढचा ॲक्सल असेल तर २००-४आर, ॲक्सल ३.०८ च्या आसपास असेल तर ७००आर४.

बजेट लिहिताना दोन गोष्टी हमखास राहतात. एक, ४एल६०ई आणि ४एल८०ई ला सहसा स्पीडोमीटरची केबल जोडायला जागा नसते. जुना काटा हलवायचा तर वेगळा मोटरवाला डबा किंवा जीपीएस लागतो. दुसरी, लॉकअप. तो जोडलाच नाही तर कमी आरपीएमवर कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ऑइल तापतं, म्हणून वेगळा ऑइल कूलर लावाच. आणि वापरलेला गिअरबॉक्स घेताना ऑइल पॅन उघडून दाखवायला सांगा. चुंबकावर राखाडी बारीक लेप चालतो. काळं, जळकट वासाचं ऑइल किंवा धातूचे चकचकीत तुकडे दिसले, तर रीबिल्डचा खर्च वजा करूनच भाव बोला.