बिलावर 'आयसोलेटेड', डबीत काहीच नाही: मोटर रिलेच्या केबलमधली फसवणूक

नमुन्याला दिलेली केबल अस्सल होती, लॉटमध्ये आलेली नव्हती. फसवणूक एवढीच, आणि या धंद्यात नेहमीची. एमसीसीतल्या, म्हणजे मोटर कंट्रोल सेंटरच्या पॅनेलमधल्या, मोटर प्रोटेक्शन रिलेंना (मोटरीचं बिघाडापासून रक्षण करणाऱ्या उपकरणांना) लॅपटॉप जोडायला यूएसबी ते आरएस-४८५ आणि यूएसबी ते आरएस-२३२ अशा सीरियल जोडणीच्या दोन्ही जातींच्या केबल्स मागवल्या होत्या. बिलावर स्वच्छ लिहिलेलं: 'ओरिजिनल एफटीडीआय, २.५ केव्ही आयसोलेशन'. एफटीडीआय ही यूएसबी-सीरियल चिप बनवणारी कंपनी, आणि आयसोलेशन म्हणजे लॅपटॉप आणि रिले यांच्यात विजेचा थेट जोड नसणं. बाहेरून नमुना आणि लॉट यांत काडीचा फरक नाही. डबी तीच, स्टिकर तेच. हातात घेतल्यावर लॉटमधली किंचित हलकी लागते, पण तेवढ्यावरून कोण माल परत करतो?

फरक झाकण उघडल्यावर दिसतो. नमुन्याच्या ४८५ डबीत यूएसबीची चिप, मग आयसोलेटर, त्याच्या शेजारी छोटा काळा डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि पलीकडे ४८५ चा ड्रायव्हर होता. बोर्डाच्या मधोमध तांबं नसलेला मोकळा पट्टा, आणि तो ओलांडणारे भाग फक्त आयसोलेटर आणि कन्व्हर्टर. लॉटमधल्या डबीत बोर्ड तोच, पण कन्व्हर्टरची छापील चौकट रिकामी. आयसोलेटरच्या जागी सरळ तारेचे जंपर, आणि दोन्ही बाजूंचे ग्राउंड शून्य ओमच्या रेझिस्टरने एक केलेले. म्हणजे हे चुकून झालेलं नाही. कोणीतरी बसून महागडे भाग वगळले आहेत.

डबी न फोडताही हे कळतं. केबल दोन्हीकडून मोकळी ठेवा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून एक प्रोब यूएसबीच्या ग्राउंड पिनवर, दुसरा ४८५ च्या ग्राउंड टर्मिनलवर. बीप आला की आयसोलेशन नाही, विषय संपला. ग्राउंड टर्मिनलच नसेल तर 'ए' हे डेटाचं टर्मिनल आणि यूएसबी ग्राउंड यांच्यातला रेझिस्टन्स बघा: साध्या केबलमध्ये काही किलोओम येतात, आयसोलेटेडमध्ये मीटर ओपन दाखवतो. बीप आला नाही म्हणून २.५ केव्ही टिकेलच असं मात्र समजू नये. मीटर फक्त जोड नसल्याचं सांगतो.

आयसोलेशनवर एवढा भर का? आरएस-४८५ चा रिसीव्हर ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच सहन करतो. लांबच्या फीडरचं ग्राउंड आणि तीन पिनांच्या चार्जरवर लावलेल्या लॅपटॉपचं ग्राउंड यांत त्याहून जास्त फरक सहज पडतो, शेजारी मोटरीचा वेग बदलणारा व्हीएफडी असेल तर विचारूच नका. साधी केबल लावली की या फरकामुळे वाहणारा करंट लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमधून वाट काढतो. नशीब बरं असेल तर केबल जळते, नाहीतर मदरबोर्ड किंवा रिलेचा पोर्ट. चार्जर काढून बॅटरीवर काम केलं तर धोका कमी होतो, जात नाही.

४८५ च्या डबीतली दुसरी मखलाशी दिशा बदलण्याची. दोघं एकाच तारजोडीवर बोलतात, म्हणून लॅपटॉपने विचारलं की ड्रायव्हर चालू, रिले उत्तर देणार तेव्हा बंद. अस्सल एफटीडीआय चिपमध्ये यासाठी वेगळी पिन असते, ती शेवटचा बिट गेल्यावर लगेच ड्रायव्हर सोडते. स्वस्त बोर्डावर हे काम ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटरवर भागवलेलं असतं. तो ड्रायव्हर उशिरा सोडतो आणि रिलेच्या उत्तराचा पहिला बाइट खातो, मग सीआरसी, म्हणजे संदेश शाबूत आहे का हे तपासायचा आकडा, जुळत नाही. शिवाय अशा सर्किटमध्ये 'शून्य' जोर लावून जातो, 'एक' मात्र नुसत्या बायस रेझिस्टरच्या भरवशावर. टेबलावरच्या एक मीटर तारेवर झकास चालतं, २०० मीटरवर दोन्ही टोकांना १२० ओमचे रेझिस्टर लावले की बंद पडतं. विक्रेता हमखास टेबलावरच दाखवतो.

आरएस-२३२ च्या केबलमध्ये लबाडी आणखी सोपी. लेव्हल बदलणारा भागच नसतो, ० ते ५ व्होल्टचा सिग्नल सरळ नऊ पिनांच्या कनेक्टरवर. तपासायला केबल लॅपटॉपला लावा, काळा प्रोब पिन ५ वर, लाल पिन ३ वर. काही पाठवत नसताना उणे ५ ते उणे १५ च्या दरम्यान व्होल्टेज यायलाच हवं. शून्याच्या आसपास आलं तर केबल खोटी. काही रिले तेवढ्यावरही बोलतात, काही अजिबात नाही, आणि मग दोष रिलेवर जातो.

'चालते की, हे बघा' म्हणत पिन २ आणि ३ जोडून लूपबॅक दाखवला जातो. हा पुरावा फुकाचा. पाठवलेलं परत दिसतंय, एवढंच त्यातून कळतं. ० ते ५ व्होल्टची केबलही त्यात पास होते. नंतर केबल सरळ की क्रॉस याचा घोळ पुढे करतात. तो खरा असू शकतो: मायकॉम रिलेच्या पुढच्या पोर्टला सरळ केबल लागते, एसईएल कंपनीच्या रिलेला २ आणि ३ उलटलेली. म्हणून मॅन्युअलमधलं पिनांचं चित्र सोबत ठेवूनच दुकानात जावं.

आता चिप. 'एफटी२३२आरएल' छापलेल्या नकली चिपा इतक्या पसरल्या की २०१४ मध्ये एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने त्यांचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकला आणि रातोरात केबल्स मेल्या. ओरड झाल्यावर तो मागे घेतला. २०१६ मध्ये दुसरा ड्रायव्हर आला, तो नकली चिप ओळखून डेटाऐवजी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' असा मजकूर लाइनवर सोडायचा. मॉडबसमध्ये, म्हणजे रिलेशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीत, सीआरसी असल्यामुळे रिले असला कचरा टाकून देतो, पण साध्या टर्मिनलवर काम करणारी उपकरणं गोंधळतात. प्रोलिफिक या दुसऱ्या चिप कंपनीच्या केबल्सचंही तसंच: डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि 'कोड १०'. जुना ड्रायव्हर टाकून ती चालते, विंडोज अपडेट झालं की परत बंद. विक्रेता याला 'ड्रायव्हरचा प्रॉब्लेम' म्हणतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ०४०३ आणि ६००१ हे एफटीडीआयचे कंपनी आणि प्रॉडक्ट आयडी दिसले म्हणून चिप अस्सल ठरत नाही, नकलेतही तेच आकडे असतात. दोन-तीन केबल्स लावून डिव्हाइस इन्स्टन्स पाथमधला सीरियल नंबर बघा. सगळ्यांचा एकच निघाला तर लॉट नकली. सीएच३४० या दुसऱ्या, स्वस्त चिपबद्दल मात्र आकस नको. ती चिप बरी आहे, तिच्या नावाने आणि तिच्या किमतीत विकली असती तर तक्रार नव्हती.

केबल अस्सल असूनही टाइमआउट येत असतील तर पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये लेटन्सी टायमर, म्हणजे आलेला डेटा लॅपटॉपकडे सोडण्याआधी चिप किती थांबते तो आकडा, बघावा. एफटीडीआयचा मूळ आकडा १६ मिलिसेकंद असतो, तो १ करावा. पॅरिटी, म्हणजे चूक पकडायचा जादा बिट, तीही जुळवावी. मॉडबसचा ठरलेला संकेत इव्हन पॅरिटीचा आहे, पॅरिटी नको असेल तर स्टॉप बिट दोन. हे सगळं मोटर बंद असताना, आणि मूळ सेटिंगची फाइल आधी उतरवून घेऊनच.

पैशांचं म्हणाल तर, धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सहसा लागू होत नाही. एकट्याने पोटापाण्यासाठी पॅनेलची कामं करणारा त्यात बसतो, त्याने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर करावी. कंपनीच्या खरेदीत भिस्त परचेस ऑर्डरवरच. तिच्यात चिपचं नाव, आयसोलेशनचा आकडा आणि 'लॉटमधली कुठलीही केबल उघडून तपासली जाईल, नमुन्याशी जुळली नाही तर सगळा लॉट परत' एवढं लिहून घ्या. नमुन्याची केबल उघडून आतल्या बोर्डाचा फोटो ऑर्डरलाच जोडा, आणि पेमेंट तपासणीनंतर.