बिनसीटची सायकल, आठ महिन्यांनंतर: चाळिशीत घेतलेल्या पहिल्या ट्रायल्स सायकलचा अनुभव

आधी हिशोब. आठ महिने, आठवड्यातून चार दिवस, दर वेळी पाऊण तास. त्याहून जास्त जमत नाही, कारण पाऊण तासानंतर बोटं ब्रेकची लिव्हर ओढायला नकार देतात. एवढ्या काळात ब्रेक रबरांचे दोन सेट, एक चेन, मागच्या चाकाच्या तीन ट्यूब आणि एक फ्रीव्हील कामी आलं. उजव्या नडगीवर पायडलच्या खिळ्यांची रांगोळी आहे. माझं वय 41, उंची 5 फूट 8 इंच, वजन 78 किलो. याआधीचा अनुभव म्हणजे साधी सायकल, तीही सीटवर बसून. वजन मुद्दाम सांगतोय. दुसऱ्याचा अनुभव वाचताना मी आता आधी माणसाचं वजन शोधतो. पंचावन्न किलोच्या पोराच्या सायकलला दोन वर्षं टिकलेली चेन माझ्याखाली किती टिकेल, याचा त्यावरून काहीच अंदाज येत नाही.

सायकल घरी आली तेव्हा मुलीचा पहिला प्रश्न होता, "बाबा, सीट कुठंय?" सीट नाही. ती लावायला नळीसुद्धा नाही. ट्रायल्स म्हणजे पाय न टेकवता दगड, ओंडके, कठडे यांच्यावरून सायकल नेणं, बऱ्याचदा मागच्या एका चाकावर उड्या मारत. त्यात सायकल सारखी मांड्यांच्या मधून वरखाली होते, सीट असली तर आधी तीच लागेल. हे समजलं तरी पहिल्या दिवशी दमल्यावर बुड टेकायला गेलोच.

मी घेतली ती 20 इंची, वापरलेली, रिमवर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकची. खरं तर डोक्यात होती 24 इंची. डॅनी मॅकॅस्किलचे 2009 पासूनचे व्हिडिओ ज्यांनी पाहिलेत त्यांना कारण सांगायला नको. तो भिंतींवरून जी सायकल नाचवतो ती 24 इंची स्ट्रीट प्रकारातली. स्पर्धेत मात्र 20 आणि 26 असे दोनच मुख्य वर्ग. 24 ही मधली, रस्त्यावरच्या करामतींसाठीची. तिला छोटीशी सीट लावता येते आणि थोडं अंतर चालवतही जाता येतं.

चाकाच्या मापावर मी दीड महिना घालवला. आता वाटतं, एक रविवार पुरला असता. "मोठ्या माणसाला 26, पोरांना 20" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. 20 इंचीच्या फ्रेमची लांबी मोठ्या माणसाच्या हिशोबानेच असते. दोन्ही आसांमधलं अंतर साधारण एक मीटर, 26 इंचीत ते सात-आठ सेंटीमीटरने वाढतं. 26 इंची खडबडीत जागी सहज लोळते, मोठं चाक कडेवर आपोआप चढतं. 20 इंची हलकी, मागच्या चाकावर पटकन उभी राहणारी, पण छोट्या खड्ड्यातही अडखळणारी. गिअरिंग दोघींचं जवळपास एकच: 20 ला पुढे 18 दाते, मागे 12, आणि 26 ला 18-15. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण अडीच मीटर जाते. म्हणजे कुठलीही घ्या, मैदानापर्यंत चालवत जायचं स्वप्न सोडा. मी ढकलत नेतो. हलकी 20 इंची पायऱ्यांवरून उचलून न्यायला बरी पडते, हा माझा सगळ्यात प्रामाणिक निकष होता.

ब्रेकबद्दल मात्र मी दहा मिनिटंसुद्धा वाचलं नव्हतं, आणि पहिले दोन महिने त्यातच गेले.

साध्या सायकलचा ब्रेक वेग कमी करतो. ट्रायल्समध्ये ब्रेक म्हणजे जमीन. मागच्या चाकावर उभं असताना ते चाक केसभरही फिरता कामा नये, ना पुढे ना मागे, आणि तेही एका बोटाने धरून. माझ्या सायकलचा मागचा ब्रेक जेमतेम धरायचा. मी पुढचं चाक उचलायचो, मागचं अर्धा इंच सरकायचं आणि मी मागे उतरायचो. दोन महिने मला वाटत होतं की माझा तोल वाईट आहे. शेवटी एका जुन्या खेळाडूने सायकल हातात घेतली, लिव्हर एकदा दाबली आणि विचारलं, "शेवटचं ग्राइंड कधी केलंय?" मला प्रश्नच कळला नाही.

तर प्रकार असा. रिम-ब्रेकवाले लोक चकचकीत ॲल्युमिनियमच्या रिमच्या कडा ग्राइंडरने मुद्दाम खरवडतात. चाक हाताने हळू फिरवायचं, दगडाची चकती नुसती टेकवत जायची, की रिमवर बारीक तिरक्या रेघा उठतात. त्यात रबर रुतून बसतं. पहिल्यांदा चालू ग्राइंडर चांगल्या रिमला लावताना माझा हात थरथरत होता. जोर दिला तर रिमची भिंत पातळ होते, म्हणून मी इतका घाबरत केलं की पहिली फेरी वायाच गेली, दुसरीत रेघा उमटल्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. नंतर भुकटी ओल्या फडक्याने नीट पुसली, रबरं सँडपेपरवर घासून परत बसवली. लिव्हर दाबली आणि सायकल मागे ओढून पाहिली. चाक फिरेना, अख्खी सायकलच मागच्या चाकावर उभी राहिली. आवाज मात्र असा, की शेजारच्या घराची खिडकी उघडली.

त्याच संध्याकाळी मागच्या चाकावर सलग चार उड्या झाल्या. तोपर्यंतचा विक्रम एक.

याची किंमतही आहे. खरवडलेली रिम रबर खाते. रेघा तीन-चार महिन्यांत बोथट होतात, मग परत ग्राइंडर. पाऊस पडून गेल्यावर पकड अर्ध्यावर येते. डिस्क ब्रेकवाल्यांना यातलं काही करावं लागत नाही, आवाजही कमी, ओल्यातही ब्रेक काम करतो. पण डिस्कला तेलाचा एक थेंब लागला तर पॅड गेले, आणि सायकल दगडावर आडवी पडली तर चकती वाकते. मी अजूनही आडवाच पडतो, म्हणून रिम-ब्रेकवर खूश आहे. हायड्रॉलिक रिम-ब्रेकात वर्षानुवर्षं चालत आलेलं नाव म्हणजे मागुराचा एचएस 33. त्यात मिनरल ऑइल असतं, कुणी कारचं ब्रेक ऑइल भरायला सांगितलं तर ऐकू नका, सील फुगून वाया जातील. आणि लिव्हर हँडलवर इतकी आत सरकवा की तर्जनी तिच्या अगदी टोकावर पडेल. फुकटचा बदल आहे, पण निम्मी ताकद वाचते.

दुसरी गोष्ट फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग. इथे मला खरोखर लागलं.

बहुतेक ट्रायल्स सायकलींचं फ्रीव्हील मागच्या चाकात नसतं, पुढे क्रँकवर (पायडलच्या दांड्यापाशी) असतं. पुढे ते 18 दातांचं बसवता येतं, त्यामुळे आत दणकट कुत्रे (दात्यांत अडकून पकड घेणारे खटके) बसतात, आणि मागे छोटं 12 दातांचं फिक्स चक्र पुरतं. परिणाम असा की सायकल नुसती ढकलली तरी चेन फिरतच राहते. पँटचा पायचा एकदा अडकला की हे कायमचं लक्षात राहतं.

मागच्या चाकावर असताना ब्रेक सोडायचा, पायडलला एक झटका द्यायचा आणि सायकल पुढे फेकायची, ही सगळ्या खेळाची बाराखडी. त्या झटक्यात शरीराचं सगळं वजन फ्रीव्हीलच्या कुत्र्यांवर येतं. तिसऱ्या महिन्यात मी दोन लाकडी पॅलेटांमधली फूटभर फट ओलांडत होतो. उंची किती, तर एका पॅलेटची, पंधरा सेंटीमीटर. झटका दिला आणि पायाखाली काहीच लागलं नाही. जिना संपला असताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसं. खट् असा आवाज आला, उजवं पायडल खाली गेलं, छाती हँडलच्या दांडीवर आणि पायडल उलटं फिरून नडगीवर. दोन मिनिटं श्वासच घेता येईना. नडगीला चार टाके.

उघडून पाहिल्यावर कारण समोरच होतं. आधीच्या मालकाने प्रेमाने आत घट्ट ग्रीस भरलं होतं. इतकं, की कुत्र्यांच्या बारीक स्प्रिंगांना त्यांना वर उचलताच येत नव्हतं. कुत्रे ग्रीसमध्ये लोळत पडलेले, दाते मोकळे. झाकणाचे आटे उलटे असतात हे माहीत नसल्याने ते उघडण्यातच माझा एक दिवस गेला. सगळं रॉकेलमध्ये धुतलं आणि पातळ तेलाचे चार थेंब सोडले. मग टकटक आवाज कडक यायला लागला, पण दातांच्या कडा झिजल्या होत्याच. पाचव्या महिन्यात नवीन घेतलं.

नवीन घेताना तुम्हाला 60, 72, 108 असे आकडे दिसतील. एका फेरीत फ्रीव्हील किती जागी पकडतं, त्याचा हा आकडा. हा माझ्या पायाला किती जाणवेल ते मी कागदावर काढून पाहिलं. 160 मिलिमीटरच्या क्रँकवर 72 वाल्यात पायडल पकडायच्या आधी जास्तीत जास्त 14 मिलिमीटर मोकळं फिरतं, 108 वाल्यात सव्वानऊ. 18 पकडीचं साधं फ्रीव्हील तिथे बसवलं असतं तर हेच साडेपाच सेंटीमीटर झालं असतं. 72 आणि 108 मधला फरक मात्र मला नवशिक्याला नीट ओळखताही आला नाही. तो पैसा चांगल्या चेनवर घाला. चेन तुटली की तेच होतं जे कुत्रे सुटल्यावर होतं, फक्त आणखी जोरात.

फ्रेमच्या भूमितीबद्दल एवढंच. क्रँकचा आस चाकांच्या आसांपेक्षा किती वर आहे हा आकडा विचारा. साध्या सायकलमध्ये तो खाली असतो, ट्रायल्समध्ये वर. माझ्या फ्रेमवर 35 मिलिमीटर वर आहे. त्या जुन्या खेळाडूच्या स्पर्धेच्या सायकलवर 70 होता. तिच्यावर चढलो तर मागच्या चाकावर जाणं हास्यास्पद वाटावं इतकं सोपं, पण दोन्ही चाकांवर नुसतं उभं राहताना स्टुलावर उभं राहिल्यासारखं, आणि खाली उतरताना सायकल मला हँडलवरून फेकायला टपलेली. पहिल्या सायकलला मधला आकडा बरा. स्पर्धेच्या सायकली सात किलोच्या आसपास असतात, माझी साडेनऊ. त्या अडीच किलोंचा त्रास मला अजून झालेला नाही, माझ्या पोटाचे चार किलो आधी जायला हवेत.

हवेचं सांगायला हवं, कारण तीन ट्यूब त्यातच गेल्या. जास्त हवा भरली की मागचं चाक चेंडूसारखं उसळतं आणि तोल जातो. कमी भरली की कडेवर आपटल्यावर ट्यूब रिमखाली चिमटते, सापाच्या दातांसारखी दोन भोकं. माझ्या वजनाला मागे 20 पीएसआय जमलं, हलके लोक त्याहून बरंच खाली जातात. बोटाने दाबून अंदाज घेऊ नका, छोटा गेज ठेवा.

नडगीचे पॅड सायकलच्या आधी घ्या. मी टाके पडल्यावर घेतले.

वापरलेली घेत असाल तर फ्रेम उलटी करून उजेडात बघा. हँडलच्या नळीच्या जोडाखाली आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या वेल्डिंगपाशी केसासारखी रेघ दिसली तर ओरखडा समजू नका, नखाने तपासा. ॲल्युमिनियम वाकून सूचना देत नाही. मग मागचा ब्रेक धरून सायकल जोरात पुढे-मागे ढकला, आणि शेवटी ब्रेक धरून पायडलवर दोन्ही पायांनी उभे राहून दाबा. काहीही खट् झालं तर किमतीतून फ्रीव्हील वजा करा. खाली क्रँकजवळचं बॅश गार्ड (दगडांचा मार झेलणारं कवच) कितीही खरवडलेलं असो, ते त्यासाठीच असतं.

जमलं काय, हे लोक विचारतात. पहिला महिना नुसतं जागेवर उभं राहणं आणि दोन्ही ब्रेक धरून जागच्या जागी उड्या. दुसरा महिना वाया, कारण वर आलंच आहे. आता मागच्या चाकावर दहा-बारा उड्या होतात, एका पॅलेटवर बाजूने चढतो, दोन पॅलेटांवर दहातून तीनदा. आठ महिन्यांच्या मानाने ही गती किती बरी हे मला ठरवता येत नाही. पंधरा वर्षांचं एक पोर माझ्यानंतर महिन्याने आलं, ते आता चार पॅलेटांवर असतं आणि मला "काका, घाबरू नका" म्हणतं.

पुढचं टायर गुळगुळीत झालंय, मागचं अजून चालेल. ब्रेक परवापासून पुन्हा सरकतोय, उद्या ग्राइंडर काढायचाय. या वेळी शेजाऱ्यांना आधी सांगून.