लेनोव्हो एलओक्यू घ्यावा, पण नेमका कोणता?

पाऊण लाख ते नव्वद हजार रुपये हा गेमिंग लॅपटॉपच्या बाजारातला सर्वांत गर्दीचा आणि सर्वांत फसवा टप्पा आहे. त्याहून स्वस्त यंत्राकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नाही आणि लाख-सव्वा लाखाच्या पुढे गेल्यावर अगदीच वाईट काही पदरात पडत नाही. मधल्या टप्प्यात मात्र एकाच ग्राफिक्स कार्डाचे नाव मिरवणारे दोन लॅपटॉप दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात, किमतीतही फारसा फरक नसतो आणि खेळायला बसल्यावर दोघांत बरेच अंतर दिसते. लेनोव्होची एलओक्यू मालिका २०२३ साली आयडियापॅड गेमिंगच्या जागी आली आणि आज या टप्प्यात मला सर्वांत समंजस खरेदी तीच वाटते. अडचण एवढीच आहे की एलओक्यू हे एका लॅपटॉपचे नाव नसून आख्ख्या घराण्याचे नाव आहे, आणि त्या घराण्यातली सगळीच भावंडे सारख्या गुणांची नाहीत.

आमच्या घरी वापरात आहे तो एलओक्यू १५आयआरएक्स९. यात इंटेलचा आय५-१३४५०एचएक्स प्रोसेसर, ६ जीबीचे आरटीएक्स ४०५० कार्ड, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी आहे. भाचा अभियांत्रिकीला असल्याने दिवसा त्यावर कॅड आणि कोडिंग चालते, रात्री खेळ चालतात. या परीक्षणात प्रामुख्याने याच प्रकाराविषयी लिहिले असून, जिथे शेजारच्या मॉडेलशी तुलना केल्याशिवाय निर्णय होत नाही तिथे ती केली आहे.

सुरुवात कार्डाला मिळणाऱ्या विजेपासून करायला हवी, कारण बहुतेक खरेदीदार नेमके तेच विचारत नाहीत. लॅपटॉपसाठीचे आरटीएक्स ४०५० कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवण्याची मुभा एनव्हिडिया कंपनी लॅपटॉप बनवणाऱ्यांना देते. चिप तीच, त्यातले २५६० कूडा कोअर (गणिते करणारे लहान घटक) तेच, खोक्यावरचे हिरवे स्टिकरही तेच असते. पण ४५ वॉटवर धापा टाकणारे कार्ड आणि १०० वॉटवर मोकळा श्वास घेणारे कार्ड एकाच नावाने विकले जाते. एमएसआयच्या सायबॉर्ग १५ मध्ये हे कार्ड ४५ वॉटवर बांधलेले आहे, आमच्या एलओक्यूत ते शंभरच्या वर जाते आणि आसुसच्या टफ ए१५ मध्ये डायनॅमिक बूस्ट (प्रोसेसरच्या वाट्याची वीज गरजेनुसार कार्डाला देणारी सोय) धरून आकडा १४० पर्यंत सांगितला जातो. आता १४० हा आकडा १०० पेक्षा मोठा असला, तरी ४०५० पुरते बोलायचे तर साधारण शंभर वॉटच्या पुढे तिला वाढीव विजेचा फारसा उपयोग करता येत नाही. त्यामुळे टफच्या जास्तीच्या वॉटसाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही. उलट ४५ वॉटच्या यंत्रावर वाचवलेले पाच-सात हजार रोज खेळणाऱ्याला पुढे खटकत राहतात. सायबॉर्ग दोन किलोच्या आत बसतो आणि एलओक्यू सुमारे २.४ किलोचा आहे, तेव्हा रोज लोकलने किंवा एसटीने पाठीवर वागवायचा असेल तर तो विचार अयोग्य म्हणता येणार नाही.

हा आकडा दुकानात तपासता येतो. डेमोसाठी ठेवलेल्या लॅपटॉपवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून त्यातली सिस्टिम इन्फर्मेशन पाहिली की ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ या ओळीत वॉट लिहिलेले असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी ही ओळ दाखवायला सांगितली, तेव्हा विक्रेत्याने आधी ‘साहेब, कार्ड सेमच आहे’ असे दोनदा ऐकवले आणि मग नाइलाजाने खिडकी उघडली. ओळीत ७५ होते. त्याने मला फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने स्वतःही ती ओळ पूर्वी वाचलेली दिसत नव्हती.

एलओक्यू घराण्यातही हाच सावधपणा लागतो. मॉडेलच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ‘ई’ अक्षर असेल तर ती एसेन्शियल आवृत्ती असते आणि तिच्यात कार्डाला मिळणारी वीज कमी असते. १५आयआरएक्स९ मधला ‘आय’ इंटेलचा, तर १५एआरपी९ मधला ‘ए’ एएमडीचा. हा एएमडीचा प्रकार चार-पाच हजारांनी स्वस्त दिसतो, म्हणून तिथे थोडे थांबणे आवश्यक आहे. त्यात रायझन ७ ७४३५एचएस हा प्रोसेसर येतो. आठ कोअर, सोळा थ्रेड, नावात सात. कागदावर तो आमच्या आय५ला भारी वाटतो आणि खेळात त्याची कामगिरी वाईटही नाही. पण या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही. इतर लॅपटॉप पीडीएफ वाचताना किंवा ब्राउझर उघडलेला असताना मोठे कार्ड झोपवून प्रोसेसरमधल्या लहान ग्राफिक्सवर काम भागवतात. ही सोयच नसल्याने इथे वर्गात नोट्स लिहितानाही आरटीएक्स कार्ड जागे राहते आणि बॅटरी खाते. ज्याचा लॅपटॉप टेबलावरून हलणारच नाही त्याने तो खुशाल घ्यावा, पण महाविद्यालयात नेणाऱ्याने इंटेलच्या प्रकारासाठी ते चार-पाच हजार जास्त द्यावेत. टफ ए१५ चे काही स्वस्त प्रकारही याच प्रोसेसरवर विकले जातात, त्यांनाही हेच लागू आहे.

स्क्रीनच्या बाबतीत कंपनीने केलेली काटकसर मला सर्वांत जास्त खटकते. १५.६ इंच, फुल एचडी, १४४ हर्ट्झ एवढे तीन तपशील जाहिरातीत सगळीकडे सारखे असतात, परंतु याच तीन तपशिलांचे दोन निरनिराळे पॅनेल बाजारात आहेत. एक १०० टक्के एसआरजीबी (स्क्रीनच्या रंगांचे प्रचलित मोजमाप) रंग दाखवणारे आणि दुसरे ४५ टक्के एनटीएससीचे (रंगांचे जुने मोजमाप), म्हणजे एसआरजीबीच्या हिशेबाने साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या प्रकारावर लाल रंग विटकरीकडे झुकतो, माणसांचे चेहरे आजारी दिसतात आणि लग्नाचे फोटो सुधारायला बसलात तर छापून आल्यावर पस्तावाल. केवळ गोळीबाराचे खेळ खेळणाऱ्याला याचे सोयरसुतक नसेल. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने मात्र ४५ टक्केवाल्या पॅनेलच्या वाटेला जाऊ नये. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर, जो भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर ‘आयएन’ या अक्षरांनी संपतो, लेनोव्होच्या पीएसआरईएफ संकेतस्थळावर टाकला की पॅनेल कोणते, रॅमच्या पट्ट्या किती, अडॅप्टर किती वॉटचा हे सगळे उघड होते. पैसे देण्याआधी तो नंबर मागून घ्यावा आणि ‘सगळे सारखेच येतात’ हे उत्तर स्वीकारू नये.

रॅमविषयीही थोडे. काही प्रकारांत १२ किंवा १६ जीबीची एकच पट्टी घातलेली असते. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला रॅमपर्यंत जायला दुप्पट रुंद वाट मिळते आणि खेळातले अचानक बसणारे झटके बऱ्यापैकी कमी होतात. एलओक्यूत दोन स्लॉट आहेत, त्यामुळे दुसरी पट्टी नंतर टाकता येते. पूर्वी मी सर्वांना तोच सल्ला देत असे. २०२५ च्या अखेरीस मात्र जगभर रॅमचे भाव भडकले आणि ‘आधी स्वस्तातला घेऊ, रॅम नंतर वाढवू’ हे गणित पार बिघडले. आता दोन पट्ट्यांचा प्रकार थोड्या जास्त किमतीत मिळत असेल तर तोच घेणे शहाणपणाचे ठरेल. एसएसडीसाठीही दुसरा स्लॉट आहे आणि त्याची गरज लवकर भासते. ५१२ जीबी विंडोजमध्ये ४७६ एवढेच दिसतात, आणि सायबरपंक २०७७ हा एकटा खेळ त्यातले ७० जीबी मागतो.

खेळण्याच्या अनुभवाबद्दल अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. व्हॅलोरंटसाठी हा लॅपटॉप गरजेपेक्षा कितीतरी ताकदवान आहे. १४४ एफपीएससाठी (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) त्या खेळाची निर्माती कंपनीच जीटीएक्स १०५० टीआय हे जुने कार्ड पुरेसे मानते. तेव्हा घरातले मूल फक्त व्हॅलोरंट खेळत असेल, तर ऐंशी हजार खर्च करण्यापूर्वी पालकांनी दोनदा विचार करावा. सायबरपंक फुल एचडीवर, रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचे जड गणित) बंद ठेवून आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करणारी एनव्हिडियाची सोय) क्वालिटीवर लावून, हाय सेटिंगला साठ एफपीएसच्या वर आरामात चालतो. आरटीएक्स चाळीसच्या मालिकेत मिळणारे फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या फ्रेम स्वतः तयार करून भरणे, आकडा आणखी फुगवते, पण मुळात फ्रेम कमी असतील तर हाताला जाणवणारा जडपणा त्याने जात नाही आणि ते स्वतःही कार्डाची मेमरी खाते.

तीच मेमरी, म्हणजे ६ जीबी, या लॅपटॉपची खरी मर्यादा आहे. डूम : द डार्क एजेस किंवा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल यांसारख्या खेळांनी किमान अटींमध्येच ८ जीबीचे कार्ड मागितले आहे. टेक्श्चर सेटिंग खाली आणून काही खेळ ओढून नेता येतात, पण तीन-चार वर्षांचा विचार करणाऱ्याने हे गृहीत धरूनच घ्यावे. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०५० ला लॅपटॉपमध्ये ८ जीबी जीडीडीआर७ मेमरी मिळते. सणासुदीच्या सवलतीत तिचा लॅपटॉप पाच-सहा हजारांच्या फरकाने मिळत असेल तर ४०५० चा हट्ट धरू नये. दुसऱ्या टोकाला, आरटीएक्स २०५० हे नाव ऐकून ते ३०५० च्या खालोखाल असेल असे समजू नये. मेमरीपर्यंत जाणारी ६४ बिटची अरुंद बस आणि ४ जीबी मेमरी असलेले ते कार्ड या खर्चात विचारात घेण्याच्या लायकीचे नाही.

उष्णता आणि आवाज यांच्या बाबतीत एलओक्यूने पैसे योग्य जागी खर्च केले आहेत. एफएन आणि क्यू ही बटणे एकत्र दाबली की पॉवर बटणावरचा दिवा रंग बदलतो : निळा म्हणजे शांत, पांढरा म्हणजे मधला, लाल म्हणजे पूर्ण जोर. लालवर पंखे एवढे घोंघावतात की त्याच खोलीत कोणी फोनवर बोलू शकत नाही, पण कळफलकाचा डावा भाग, जिथे खेळताना बोटे असतात, तो हाताला चटका बसेल असा तापत नाही. बहुतेक खेळांना पांढरा पुरतो. अकोला-चंद्रपूरकडच्या वाचकांनी मात्र हे ध्यानात घ्यावे की पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. बाहेर ४४ अंश असताना कोणताही गेमिंग लॅपटॉप पुणे-नाशिकच्या हिवाळ्यातल्यासारखा वागणार नाही. तिथे लॅपटॉप मागच्या बाजूने बोटभर उचलून ठेवावा आणि गादीवर ठेवून तर कधीच खेळू नये. चार्जर, एचडीएमआय आणि लॅनच्या केबल मागून निघतात, त्यामुळे माउसचा हात मोकळा राहतो. ही सोय लहान असली तरी रोजची आहे.

बॅटरी ६० वॉट-अवरची आहे आणि तिच्यावर खेळ तासाभराच्या पलीकडे नेण्याची आशा धरू नये. खेळायचे तर विटेसारखा तो चार्जर सोबत हवाच, आणि दीड-दोन किलोच्या ऑफिस लॅपटॉपची सवय असलेल्याच्या खांद्याला हे ओझे जाणवेल. बांधणी प्लास्टिकची असली तरी बिजागऱ्या घट्ट आहेत, आणि बाणांची बटणे पूर्ण आकाराची आहेत.

खरेदीच्या मार्गाबद्दल शेवटचे. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांमध्ये व्याजाची रक्कम आधी सूट म्हणून वजा होते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क ग्राहकालाच भरावे लागते, त्यामुळे दुकानाने आणि ऑनलाइन विक्रेत्याने सांगितलेल्या किमतींची तुलना हे धरूनच करावी. दुकानातून घेताना काउंटरवरच खोके उघडायला लावावे, मॉडेल नंबर बिलावर पूर्ण लिहून घ्यावा आणि रॅमची पट्टी तिथेच बसवून घ्यायची असेल तर तिचे बिल वेगळे मागावे, कारण तिची वॉरंटी लॅपटॉपच्या वॉरंटीत धरली जात नाही.