संक्रांतीचं वाण मला ४४,४०० रुपयांना पडलं

आधी हिशोब मांडते, नाहीतर पुढे लाज वाटून मी गुळमुळीत लिहीन. वजन घटवायच्या क्लबची नोंदणी ५०० रुपये. जानेवारीचा शेकचा पॅक ७,८५०. फेब्रुवारीचा पुन्हा ७,८५०. मार्चमध्ये 'बूस्टर'च्या ६० पुड्या, एक ७० रुपयांना, म्हणजे ४,२००. आणि पाडव्याच्या मुहूर्तावर २४,०००. एकूण ४४,४००. डॉक्टर, ईसीजी आणि रक्ततपासणीचे १,९६० वेगळे. मी बावीस वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवते. हसा आता.

गावाचं नाव लिहीत नाही. तालुक्याचं गाव आहे, निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलंय. मला गंडवणारीही माझ्याच वर्गातली. दहावीला गणितात ८१ मार्क होते तिला.

हळदीकुंकवाला गेले होते. वाण म्हणून तिने प्लास्टिकचा शेकर दिला, आत चिठ्ठी: 'मोफत वजन तपासणी'. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. सकाळी सहाला भरणारा क्लब, भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो, कपात हिरवट चहा, शेक, टाळ्या, प्रत्येकाला एक 'कोच'. असल्या प्रकारांवर मी स्टाफरूममध्ये विनोद करायचे. पण ती म्हणाली, "बाई, तुम्ही मला शिकवलंत. तुम्हाला फसवीन का मी?" बाई म्हटलं की मी विरघळते, हा माझा जुना रोग. शिवाय मे महिन्यात लेकीचं लग्न होतं, गुडघे बोलत होते, थायरॉईडची गोळी सात वर्षं चालू, आणि घरात ह्यांचं रोजचं टुमणं, "जरा कमी खात जा." दोन घास कमी खाऊन बघितले नव्हते असं नाही. तेव्हा मला लगेच मूर्ख ठरवू नका.

तर ते वजन. माझा सगळा राग त्याच चार दिवसांवर आहे.

पहिलं वजन झालं ते हळदीकुंकवाच्याच संध्याकाळी साडेपाचला. अंगावर कांजीवरम, जी एकटीच किलोभर भरते. हातात बांगड्या, गळ्यात ठुशी, पोटात तीन घरचा फराळ आणि चहा. खांद्यावर पर्स. पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगा, मोबाईल आणि इतर चार घरची वाणं. काटा म्हणाला ७६.३. मग त्या हाताने धरायच्या यंत्राने माझ्या शरीराचं वय ६३ सांगितलं. माझं वय ५१. तिने "अरेरे" केलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला दुसरं वजन. रिकामं पोट, सुती पंजाबी ड्रेस, पर्स घरी. ७४.२. चार दिवसांत २.१ किलो! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काट्यावरून उतरताना माझ्या डोक्यात स्पष्ट शब्द आला: पर्स. आला, आणि मी तो ढकलून दिला. टाळ्या चालू असताना कोण म्हणेल की अहो थांबा, मागच्या वेळी पर्स होती? पोरांना मी वर्षानुवर्षं सांगते, तुलना करायची तर दोन्ही मापं एकाच परिस्थितीत घ्या. पाचवी पास पोरालाही हे कळतं.

आता गणित बघा, जे मी तेव्हा करायला हवं होतं. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. २.१ किलो म्हणजे १६,१७०. माझ्या वयाची, माझ्यासारखी बैठं काम करणारी बाई दिवसाला फार तर १,८०० खर्च करते. चार दिवस निर्जळी उपास केला असता तरी ७,२०० झाल्या असत्या, म्हणजे किलोभरसुद्धा चरबी नाही. उरलेलं काय होतं? कांजीवरम, पर्स आणि पाणी. खाणं एकदम तोडलं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आधी संपते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तिनेक ग्रॅम पाणी बाहेर पडतं. पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजन दाखवून कोणी पैसे मागितले, तर उठून चालू लागा.

फेब्रुवारीअखेर ७०.३ झालं, हे खरं आहे. नाही म्हणत नाही. पण दोन वेळचं जेवण बंद करून शेक पीत होते मी. त्याजागी वाटीभर पातळ पिठलं प्यायले असते तरी उतरलं असतं. त्याला सात हजार आठशे पन्नास लागत नाहीत, पावशेर बेसन लागतं.

मार्चमध्ये काटा अडकला. तेव्हा पुड्या आल्या. पांढरी पुडी, वर हिरवं पान छापलेलं, बस. कोणी बनवली नाही, कधी बनवली नाही, आत काय नाही. खाण्याच्या पॅकबंद वस्तूवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक लागतो. 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तो घालून बघता येतो. मला दहा रुपयांच्या बिस्किटावर तारीख बघायची सवय आहे, आणि ही पुडी मी रोज दोनदा घेतली. का? तर "बाई, हे आयुर्वेदिक आहे."

दुसऱ्या आठवड्यात रात्री दोनला टक्क जाग यायला लागली. छातीत धडधड. फळ्यावर वर्तुळ काढताना हात थरथरला, मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "टॉक्सिन बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे." अंगाला काही होतंय आणि समोरचा त्याला चांगलं लक्षण म्हणतोय, तर डॉक्टरकडे जा. त्याच दिवशी. मी अठरा दिवस घालवले, आणि त्या अठरा दिवसांत पाडवा आला.

पाडव्याची ऑफर: तीन महिन्यांत आठ किलो, नाहीतर पूर्ण पैसे परत. २४,००० यूपीआयने पाठवले, तिच्या नवऱ्याच्या खात्यात. शेक बनवणाऱ्या कंपनीच्या नाही. पावती? "बाई, आपल्यात पावती कशाला?" हमी दिली ती व्हॉट्सॲपवर, आवाजी मेसेजमध्ये. त्या चॅटवर मेसेज सात दिवसांनी आपोआप उडण्याची सोय तिने आधीच चालू केली होती. मला वाटलं, मोबाईलची जागा वाचते. पैशाचं बोलणं लेखी घ्या, आणि त्याचे फोटो त्याच रात्री दुसऱ्याच्या मोबाईलवर पाठवा.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, पुडी बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, वजनाच्या असल्या पुड्यांमध्ये सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध लपवून घातल्याचं अनेक देशांत सापडलंय. हृदयाच्या धोक्यामुळे त्यावर २०११ पासून आपल्याकडे बंदी आहे. तुमच्या पुडीत तेच आहे का, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि थायरॉईडची गोळी अपुरी पडली की वाढतो तो टीएसएच ११.४! गोळी चुकवली नव्हती हो. पण पावणेसहाला गोळी आणि सहाला सोयाचा, कॅल्शियम घातलेला शेक, यामुळे गोळी नीट शोषलीच जात नव्हती. कोचने एकदाही विचारलं नाही की कोणती औषधं चालू आहेत. उलट म्हणाली होती, हळूहळू गोळीच सुटेल.

आता सरकारी कथा. पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर. मग, "मॅडम, पैसे तुम्हीच दिले ना? जबरदस्ती झाली का?" वर एकजण म्हणाला, त्यांची मिसेसही तिथे जाते, चांगला रिझल्ट आहे म्हणे! ऑनलाइन पैसे गेले म्हणून दुसरीकडे पाठवलं. तिथे म्हणाले, तुम्ही तर बाईला ओळखता, मग हा सायबर गुन्हा कसा? अन्नभेसळ बघणाऱ्या कार्यालयात दोन फेऱ्या, एकेक रजा. पहिल्या फेरीला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या फेरीला, उरलेल्या ११ पुड्या चालणार नाहीत, तुमच्याकडच्या वस्तूवर कारवाई कशी करणार, आणि वेष्टनावर उत्पादकाचं नाव नाही तर नोटीस कोणाला काढू? अहो, नाव नाही हाच तर गुन्हा! लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरातच करता येत नाही, १९५४ च्या जादुई उपायांच्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे, हे मी त्या टेबलावर बोलून दाखवलं. ते म्हणाले, "लेखी द्या." दिलं. पोच मागितली तर शिक्का आज नाही. एका हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला आणि नवव्या दिवशी 'निराकरण झाले' असा मेसेज. कोणाचं झालं? कंपनी म्हणते, वितरक (म्हणजे ती) स्वतंत्र व्यावसायिक आहेत. दुकानाऐवजी अशा वितरकांमार्फत होणाऱ्या थेट विक्रीचे २०२१ चे नियम वाचा म्हणावं, वितरकाच्या विक्रीतून आलेल्या तक्रारीला कंपनीच जबाबदार आहे.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत करावा लागतो. तारीख मिळालीय. ह्यांना वाटतं, सोडून द्यावं. मला वाटत नाही.

वजन दिवाळीपर्यंत पुन्हा ७५. त्यानंतर ६०० रुपये देऊन एका शिकलेल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी तासभर नुसतं विचारलं, मी काय खाते. दिवसाला चार कप चहा, कपात दोन चमचे साखर: ४० ग्रॅम, १६० कॅलरी, महिन्याला ४,८००. अर्ध्या किलोहून जास्त चरबी मी नुसती चहातून पीत होते, आणि हे मला कोणीतरी फळ्यावर मांडून दाखवावं लागलं. आता दोन कप, अर्धा चमचा. भाकरी दोनाऐवजी दीड, पण सोबत वाटीभर उसळ आणि दही. तेलाचा डबा महिन्याला पाच लिटर लागायचा, तो साडेतीनवर आणला, त्यावर घरात भांडणं झाली. संध्याकाळी शाळेतून चालत येते, पस्तीस मिनिटं. दर रविवारी सकाळी, त्याच काट्यावर, त्याच गाऊनमध्ये वजन. पाच महिन्यांत तीन किलो. यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

क्लबच्या भिंतीवर माझा फोटो अजून आहे. 'आपल्या बाईंनी दोन महिन्यांत ६ किलो घटवले.' काढून टाक म्हणून तिला तीन मेसेज केले. तिन्हीवर दोन निळ्या टिका आल्यात.