दोन चाइल्ड सीट, एक आजी आणि चार मीटरच्या आतली एसयूव्ही

गाडी घेताना शोरूममधे सगळं विचारलं, सनरूफ, मायलेज, टचस्क्रीन केवढा, पण पोरांच्या सीट नीट बसतील का हे विचारायचं डोक्यातच आलं नाही. आता सहा महिने झाले, महिन्यातून दोनदा तरी जळगाव-धुळे होतं (बायकोचं माहेर), म्हणून लिहितोय. मुलगी ४ वर्षांची, पोरगा ८ महिन्यांचा, आणि सोबत आई. गाडीचं नाव घेत नाही, या साइजच्या बहुतेक गाड्यांत हेच रडगाणं असणार.

सगळे मागची सीट किती रुंद ते बघतात भो, पण खरी जागा जाते पुढच्या सीटची. पोराची सीट उलटी लागते, म्हणजे त्याचं तोंड डिकीकडे, आणि ती बऱ्यापैकी आडवी असते, त्यामुळे वरचा काठ थेट पुढच्या सीटच्या पाठीला भिडतो. माझ्यामागे लावून बघितली तर माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले, मी ५ फूट १० इंच. मग डावीकडे घेतली. तिथं पुढं बायको किंवा आई बसली तर चालून जातं, मेहुणे बसले तर पारोळ्यापर्यंत ग्लोव्ह बॉक्सला गुडघे घासत गेले बिचारे. त्यांनीच मग सुचवलं की पोराची सीटच पुढं घ्या ना. अजिबात नाही! पुढं एअरबॅग असते, ती उघडली की उलट्या सीटच्या पाठीवरच आदळते, सनव्हायझरवर त्याचं स्टिकर असतं ते कोणी वाचत नाही.

आता मधली जागा. दोन्ही सीट आयसोफिक्सवर लावल्यात, म्हणजे गाडीच्या सीटच्या फटीत लोखंडी दांड्या असतात त्यात सीटचे आकडे अडकतात, दोन्ही बाजूंनी टक आवाज आला पाहिजे आणि सीटवरची लाल खूण हिरवी झाली पाहिजे. आमच्या गाडीत दांड्या इतक्या आत की पहिल्या दिवशी मी एकच टक ऐकून खूश झालो होतो. दांड्यांची जागा ठरलेली, त्यामुळे सीट इकडेतिकडे सरकवता येत नाही आणि मधे उरते एक वीत आणि चार बोटं. आई एकदा बसली तिथं, मधल्या बेल्टचं बकल मुलीच्या सीटखाली गाडलं गेलेलं, ते काही सापडेना. आता मुलीची सीट लावायच्या आधीच ते वर ओढून ठेवतो, आई पुढं बसते आणि मधे बायको, तीही तिरकी बसून, एरंडोलला चहाला उतरल्याशिवाय तिची कंबर सरळ होत नाही. तेव्हा पाच जण बसतात या जाहिरातीवर जाऊ नका, दोन चाइल्ड सीट लावल्या की गाडी चार जणांचीच.

दुकानाबद्दल काय बोलू. फिटिंग फ्री म्हणून दुकानातल्या पोराने मुलीच्या सीटचा वरचा पट्टा, टॉप टेदर म्हणतात तो, डिकीत पिशवी अडकवायच्या हुकाला लावून दिला. प्लास्टिकचा हुक! पहिल्याच ट्रिपला ब्रेक मारला आणि सीट वरून पुढं झुकली तेव्हा कळलं. खरी जागा सीटच्या पाठीमागे, डिकीच्या बाजूने, नांगराचं चिन्ह असतं तिथं. पट्टा हेडरेस्टखालून न्यायचा. घरी येऊन मॅन्युअल बघून मीच लावला, दहा मिनिटांचं काम.

बॉक्सवर ३६ किलोपर्यंत लिहिलंय त्यालाही भुलू नका. आयसोफिक्सवर पोर आणि सीट मिळून ३३ किलोपर्यंतच धरतात, आमच्या सीटच्या पट्ट्यांची हद्द १८ किलो. त्याच्या पुढं गाडीचाच बेल्ट लावायचा आणि सीट फक्त उंची द्यायला. मुलगी आत्ताच १६ किलोची आहे.

आईचा आधी विरोधच होता, "कसाले बांधी राहिना रे पोरले?" म्हणून पहिल्या दिवशी भांडली, तिला मांडीवर घ्यायचं होतं. उलट्या सीटमधे पोराचे पाय दुमडतात हेही तिला बघवत नव्हतं. तो मात्र मजेत असतो, पाय सीटच्या पाठीवर टेकवून झोपून जातो. आय-साइजच्या (चाइल्ड सीटचं नवीन युरोपियन मानक) सीटमधे तर १५ महिन्यांपर्यंत उलटंच बसवायचा नियम आहे. आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालचं पोर बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर १००० रुपये दंड आहे. मला अजून एकाही हवालदाराने विचारलेलं नाही, विचारलं पाहिजे खरं तर.

आपल्या उन्हाचं एक सांगतो. मे महिन्यात गाडी अर्धा तास उन्हात राहिली की बकलचा पत्रा चटका देतो, पोरीच्या मांडीला लागला होता. आता दोन्ही सीटवर ओला नाही, कोरडा पांढरा पंचा टाकून ठेवतो, बसवताना आधी स्वतःचा हात लावून बघतो.

कव्हर निघतं, धुता येतं, हा मोठा प्लस, कारण केळं आणि बिस्किट या पोरांना गाडीतच आठवतं. फक्त काढायच्या आधी पट्टे कुठून कुठं गेलेत त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता, रविवारची अख्खी दुपार गेली.