राउंड पेन घ्यावा का? काठियावाडी घोडीसोबत वापरून झाल्यावर लिहितोय

राउंड पेन म्हणजे घोड्याला मोकळं सोडून शिकवायचं गोल कुंपण. बरेच जण त्याबद्दल विचारत होते, पण एक पावसाळा जाऊ दे मगच लिहू म्हटलं, नवीन असताना सगळंच भारी वाटतं. आमचं शेत वडोदऱ्याहून पादऱ्याकडे जाताना लागतं, तिथे दिवाळीनंतर 60 फूट व्यासाचा पेन उभा केला. 12 फुटी 15 पॅनल आणि तेवढंच एक गेट, उंची 6 फूट, जीआय (जस्त चढवलेला) पाइप, वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत बनवून घेतलं. 50 फुटांतही काम होतं पण त्याहून लहान नकोच, गोल जितका लहान तितका घोडा सतत वाकून पळतो आणि सगळा भार सांध्यांवर येतो.

पॅनल आले तेव्हा खालच्या पाइपाखाली बरोबर खूर अडकेल एवढी फट होती. घोडी सांभाळणाऱ्या सईस काकांनी आधी ते बदलून घ्यायला लावलं, मगच घोडी आत नेली. घेताना हे नक्की बघा.

पॅनलपेक्षा खरा खर्च जमिनीचा. आपली काळी माती म्हणजे पावसात चिखल नि उन्हाळ्यात भेगा, म्हणून वरचा थर काढून मुरूम दाबला आणि वर ओरसंग नदीची वाळू, 2-3 इंचच, जास्त टाकली की पायाचे टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) ओढले जातात. वाळू टापांनी कडेला जाते, ती दंताळ्याने परत ओढावी लागते, याला सुटका नाही.

आता मुख्य गोष्ट. पेन घोडा दमवायला नाही हो! चाबूक घेऊन फेस येईपर्यंत पळवणारे मी पाहिलेत, त्याने घोड्याचा दम वाढतो, अक्कल नाही. तुम्ही घोडीच्या पुठ्ठ्याच्या, म्हणजे मागच्या भागाच्या, बाजूला उभे राहिलात की ती पुढे जाते, खांद्यापुढे पाऊल टाकलं की हळू होते, आणि तिने जरासं ऐकलं की त्याच क्षणी तुम्ही मागे सरायचं, नजर काढायची. तो क्षण चुकला तर सगळं फुकट. काठियावाडी जातीत हे बघायला सोपं पडतं, कानांची टोकं वर एकमेकांना टेकलेली असतात, तर दुडक्या चालीत तिचा आतला कान माझ्याकडे वळला की टोकांमधलं अंतर लांबूनही दिसतं. मी तिथेच थांबतो. मग ती पण थांबते, मान खाली सोडते.

अमेरिकन घोडे-प्रशिक्षक मॉन्टी रॉबर्ट्सच्या जॉइन-अपमुळे (पेनमध्ये पळवून मग घोडा आपणहून जवळ येईल असं करायची पद्धत) लोकांना वाटतं घोडा आपल्याला कळपाचा म्होरक्या मानतो. पण 2012 मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच काम रिमोटच्या गाडीने करून दाखवलं, घोडे त्या खेळण्यामागे आले नाहीत, पण पळून न जाता त्याच्याकडे तोंड करून थांबायला लागले! म्हणजे घोड्याला शिकवतो तो दाब नाहीसा होण्याचा क्षण. मला हे पूर्ण पटतं, आणि म्हणूनच ओठ चाटले की झालं असं मी मानत नाही, ताण उतरतानाही घोडे तसं करतात.

वेळ 10-15 मिनिटं, दोन्ही दिशांनी, मे महिन्यात फक्त पहाटे. आता ती मोरकीशिवाय मागे येते, खोगीर बघून दूर पळत नाही. रस्त्यावरच्या ट्रकचं भय मात्र पेनमध्ये जात नाही, त्याला बाहेरच न्यावं लागतं.

एकच शांत, वयस्क घोडा असेल तर एवढा खर्च करू नका, लाँजिंगची दोरी (घोडा भोवती गोल फिरवायची लांब दोरी) पुरेल. कोवळी शिंगरं असतील आणि जागा असेल तर जरूर घ्या, फक्त आधी मुरूम-वाळूचा भाव काढा.